सत्काराला उत्तर

"सत्काराला उत्तर साधारण किती वेळाचं अपेक्षित आहे, एवढंच विचारायला फोन केला."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण उच्चार इतके स्वच्छ की मी नकळत खुर्चीत सरळ होऊन बसले.

"कुणाच्या सत्काराला?" मी विचारलं.

"माझ्याच." पलीकडून किंचित हसू आलं. "मी आचार्य देशिंगकर, मिरजेहून बोलतोय. आरवाडे वसतिगृहाच्या संकेतस्थळावर बातमी आहे. खाली आपला क्रमांक दिलाय, काही अडचण असल्यास म्हणून. अडचण अशी नाही. पण बोलायला लागलो की मला भान राहत नाही, मुलं जांभया द्यायची. म्हटलं, आधीच मर्यादा विचारून घ्यावी."

भाषणं कुणाची, किती वेळाची, हे मला ठाऊक नव्हतं. विचारून कळवते, असं मी म्हणाले. त्यांनी माझं नाव विचारलं, रोहिणी आवटी असं सांगितल्यावर "छान" म्हणाले आणि पुढे म्हणाले, "तोवर वीस मिनिटं धरून तयारी करतो. रविवारपर्यंत वेळ आहे." फोन ठेवताना त्यांनी आभार मानले. आमच्या ऑफिसात फोन करणारी माणसं आभार मानत नसत, त्यामुळे मला ते चांगलंच लक्षात राहिलं.

ऑफिस म्हणजे सांगलीत विश्रामबागेत टायरच्या दुकानावर एक खोली, तिथे शिरगुप्पे सर आणि मी. ती माझी पहिली नोकरी. शाळा, पतसंस्था, दूध संघ असल्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट आम्ही करायचो. सरांनी एक यंत्रणा बसवली होती. मजकूर एकदाच भरायचा, मग टेम्प्लेटं तो उचलून हवा तिथे मांडायची: पहिल्या पानावर, बातमीच्या पानावर, सभासदांना जाणाऱ्या मेलमध्ये. टेम्प्लेटला सर साचा म्हणायचे. त्यांच्या वडिलांचा फरशा पाडायचा कारखाना होता, तिथला शब्द त्यांनी जिना चढवून वर आणला होता. साचा बरोबर असेल तर हजार फरशा बरोबर, आणि चुकला तर हजारही चुकीच्या, हे ते मला पहिल्या दिवसापासून ऐकवत होते.

दुसरा फोन थोड्याच वेळात आला. हे चौगुले साहेब. कुपवाडला त्यांचा फाउंड्रीचा मोठा कारखाना, आणि आरवाडे वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीचे ते अध्यक्ष. वसतिगृहाचं अमृतमहोत्सवी वर्ष होतं. त्यांचा आवाज स्पीकर न लावताही खोलीभर ऐकू येत होता.

"ओ शिरगुप्पे, काय घातलंय हे तुम्ही? आम्ही मल्लूमामाचा सत्कार करायलोय. ज्यानं आमच्या पोटात दोन येळचं घातलं त्याचा. आन् तुम्ही त्या देशिंगकराचा केलाय? पोरं फोन करायला लागलीत मला. एक जण म्हणतोय, येत न्हाई म्हणून. दहा वाजले की दिवा बंद करणारा माणूस तो. त्याच्यापायी माझे दहावीला गणितात मार्क गेले."

सर शांतपणे "बघतो" म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान उघडलं. मथळा असा होता: 'आचार्यांचा कृतज्ञता सत्कार'. खाली तारीख, स्थळ, आणि 'सविस्तर माहिती लवकरच', कारण चौगुल्यांनी ती अजून दिलीच नव्हती.

"पण सर, मी आचाऱ्यांचा लिहिलंय," मी म्हणाले. मी भरलेला मजकूर उघडून दाखवला. तिथे स्वच्छ 'आचाऱ्यांचा' होतं. स्वयंपाक करणारा तो आचारी, त्याच्या 'ऱ्या'ला ती आडवी कोयती. पानावर मात्र कोयती गायब होऊन डोक्यावर रफार चढला होता आणि आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. त्यात आपल्या भाषेत मोठ्या माणसाला अनेकवचन. 'आचार्यांचा' म्हटलं की एकच आचार्य समजायचे, आणि आरवाडे वसतिगृहात आचार्य एकच होते. देशिंगकर म्हणजे तिथले जुने रेक्टर. संस्कृतची साहित्याचार्य पदवी घेतलेले, म्हणून सगळं गाव त्यांना आचार्य म्हणायचं. आता मला मघाचा फोन उमगला.

"ते रविवारची तयारी करतायत, सर," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते नंतर. आधी साचा बघू. नाहीतर दुरुस्त करायला जाशील आणि परत तेच छापून येईल."

झालंही तसंच. मी मथळा पुसून पुन्हा लिहिला, पान ताजं केलं, आणि आचार्य पुन्हा हजर.

साचा बिघडला की सरांची एक पद्धत होती. डोकं चालवायचं नाही, अर्धा साचा झाकायचा. चूक राहिली तर ती उघड्या अर्ध्यात आहे, गेली तर झाकलेल्यात. मग उरलेला पुन्हा अर्धा. "कुठं असेल असा अंदाज करत बसलीस की आपल्याला जिथं असावीशी वाटते तिथंच शोधत बसशील," असं ते म्हणायचे. मला अंदाज करायची भारी हौस. त्या दिवशी मात्र मी मुकाट्याने झाकत गेले. वरची पट्टी झाकली, आचार्य जागेवर. बाजूची यादी झाकली, जागेवर. तारखेची गणितं, छायाचित्रं, सगळं झाकलं. शेवटी पानावर एकटा मथळा उरला आणि तरी रफार त्याच्या डोक्यावर होताच.

"मथळ्याच्या ओळीत काय आहे?" सरांनी विचारलं.

"मथळा आणा, साफ करा, मांडा. एवढंच."

"साफ नको करूस. नुसता मांड."

मी मधला शब्द झाकला. पानावर कोयतीसकट आचारी आले.

सरांनी 'साफ' नावाचा तो तुकडा उघडला आणि बराच वेळ वाचत बसले. मग मला म्हणाले, "साफ करण्याआधीच्या मथळ्यात चिन्हं किती आणि नंतरच्यात किती, ते मोज." मी मोजली. नंतरच्या मथळ्यात एक कमी भरलं. मी पुन्हा मोजून पाहिलं. एक चिन्ह कमी झालं होतं खरं, पण कुठलंच अक्षर गेलेलं दिसत नव्हतं.

"गेलेलं चिन्ह मुळात दिसतच नाही," सर म्हणाले. "आपल्या कळफलकावर ही कोयती अशी निघते बघ. र, त्याचा पाय मोडायचा, मग एक न दिसणारं चिन्ह, मग य. ते न दिसणारं चिन्ह फक्त एवढंच सांगतं, की ह्या र ला डोक्यावर चढू देऊ नका, इथंच आडवा ठेवा. माझ्या ह्या 'साफ'नं ते केर म्हणून उचललं. गिऱ्हाइकं कुठून कुठून मजकूर चिकटवतात, त्यातून न दिसणारा कचरा येतो आणि मथळे तुटतात. म्हणून सुरुवातीलाच मी हे लिहिलं होतं. मजकुराला लावलं नाही, नुसतं मथळ्याला. फार खूश झालो होतो मी तेव्हा."

आणि तेव्हा मला आमच्या ऑफिसातला तो रिवाज आठवला. मी कामाला लागले त्या दिवशी सरांनी मला बजावलं होतं, मथळ्यात 'दुसऱ्या' कधी लिहायचं नाही, 'द्वितीय' लिहायचं. का, ते मी विचारलं नव्हतं. आमच्या सगळ्या शाळांमध्ये मुलं द्वितीय सत्रात जायची, दूध संघाच्या पायऱ्यांचा सोपान व्हायचा, आणि एका पतसंस्थेने 'खऱ्या अर्थाने' असा मथळा दिला तर आम्ही तो 'वास्तविक अर्थाने' करून छापला होता.

"सर, म्हणून द्वितीय?" मी विचारलं.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला वाटायचं फॉन्ट वाईट आहे," ते म्हणाले. "स्वतःच खड्डा खणला आणि इतकी वर्षं त्याला वळसा घालून चाललो. वर लोकांनाही वळसा घालायला शिकवलं." मग ते हसायला लागले, आणि मलाही हसू आवरेना.

एका ओळीचं काम होतं ते. र आणि य च्या मध्ये असेल तर ते चिन्ह ठेवा, बाकीचं झाडून काढा. नवा साचा बसवला की पहिला मथळा म्हणून मी अजून 'आचाऱ्यांचा सत्कार' हाच टाकून बघते. आता ऑफिसं मोठी आहेत, बरोबरची मुलं हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

पण पान दुरुस्त झालं तरी पोचलेले मेल परत येत नाहीत. सरांनी चौगुल्यांना फोन लावला आणि सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. त्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं." माझ्यासमोर सांगितलं. पहिल्या नोकरीत असा साहेब मिळणं म्हणजे काय, ते पुढे दुसरे साहेब बघितल्यावर मला कळलं.

"ते राहू दे," चौगुले म्हणाले. ते आता थोडे नरमले होते. "पण आचार्यांना सांगणार कोण? आमच्यातलं कुणी जाणार न्हाई बघा. आजून भ्यातोय आम्ही त्यांना."

"मी जाते," मी म्हणाले. माझ्याशीच बोलले होते ते, आणि मीच विचारून कळवते म्हटलं होतं.

देशिंगकरांचा फ्लॅट मिरजेत ब्राह्मणपुरीत, दुसऱ्या मजल्यावर होता. दार त्यांच्या सुनेने उघडलं. मी वसतिगृहाच्या वेबसाइटकडून आले म्हटल्यावर त्यांनी मला जवळजवळ हात धरूनच आत घेतलं. "बरं झालं आलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन दिवसांपूर्वी नातवाने पुण्याहून फोनवर वाचून दाखवलं तेव्हापासून बाबांची तब्येतच पालटलीय बघा. जेवताना बोलतात. नाहीतर दिवस दिवस शब्द नसायचा." खुर्चीच्या पाठीवर जुना रेशमी कोट वाऱ्याला टाकला होता आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

आचार्य आतून आले. बारीक, सरळ, पांढरे केस मागे वळवलेले. हातात दोन कागद.

"तू रोहिणी आवटी," ते म्हणाले. "तुला तू म्हटलं तर चालेल ना? बस. वेळ लावून ऐक, मग सांग कुठं कापायचं."

"आचार्य, मला आधी एक—"

"आधी ऐक. मग तुझं."

आणि ते उभं राहून वाचायला लागले. समोर मी एकटी, पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पार मागच्या भिंतीपर्यंत जात होती, शेवटच्या रांगेकडे बघावं तशी.

"मुलांनो," त्यांनी सुरुवात केली. "तुमचे केस पिकले तरी मी मुलांनोच म्हणणार. मी तुम्हाला मोठं असं काही दिलं नाही. जे दिलं ते रोज दिलं आणि वेळेवर दिलं. तुम्हाला ते आवडायचं नाही हे मला ठाऊक होतं. तुमची तोंडं मला दिसायची."

पुढेही बरंच होतं. त्यांनी ठरवलेली वीस मिनिटं कुठेच भरली नसती. छोटंसं भाषण होतं, पुन्हा पुन्हा लिहून घटवलेलं. संस्कृत श्लोक नाही, उपदेश नाही. शेवटाला आले तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली गेला आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

"लांबलं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. मग सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर उरलेलं सांगता आलं नसतं. मथळ्यात चूक झाली, आचाऱ्यांचा असं हवं होतं, साच्याने तेवढं बदललं, आणि आम्हाला फार वाईट वाटतंय.

ते खुर्चीत बसले. कोटाची बाही त्यांच्या खांद्यापाशी आली होती, ती त्यांनी बाजूला केली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"म्हणजे मल्लाप्पा," ते म्हणाले.

"हो."

"चांगलं केलं मुलांनी." त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. "चूक कशी झाली? नीट सांग. घाई करू नकोस."

मला वाटलं, राग गिळायला वेळ घेतायत. पण त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दाखवलं. र, मोडलेला पाय, मग न दिसणारं चिन्ह म्हणून एक टिंब, मग य. ते पुढे वाकून बघत होते.

"म्हणजे हे असतं, पण दिसत नाही."

"हो. शेजारच्या अक्षरांनी कसं राहायचं तेवढंच ते सांगतं."

"आणि तुमच्या यंत्राला वाटलं, दिसत नाही म्हणजे नाहीच." त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं. "आमच्या व्याकरणात न दिसण्याला लोप म्हणतात. नसण्याला नाही. तुझ्या साहेबांना सांग, ही चूक फार मोठमोठ्यांची होते."

मग त्यांनी आत हाक मारली. "सुलभा, चहा टाक हिला. आणि तो कोट आत ठेव."

सुलभाताई आल्या, कोट उचलला, आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. तेव्हा मला रडू आलं. आचार्य खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांनी मला सावरायला वेळ दिला. चहा झाल्यावर मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "रविवारी दहालाच ना?" मी हो म्हणाले.

सत्कार वसतिगृहाच्या भोजनगृहात होता. मामाचा सत्कार दुसरीकडे कुठे करायचा, असं चौगुल्यांचं म्हणणं. लांबलचक पत्र्याची शेड, भिंतीला धुराचा जुना रंग, आणि एका टोकाला बाकं जोडून केलेलं व्यासपीठ. मागच्या कापडावर रंगाऱ्याने हाताने लिहिलेलं 'आचाऱ्यांचा कृतज्ञता सत्कार', त्यातली कोयती तर त्याने चांगली हातभर काढली होती. शिरगुप्पे सर आणि मी मागे उभे होतो. मल्लूमामा म्हणजे मल्लाप्पा तोडकर, काळासावळा, रुंद मनगटांचा म्हातारा. नवी टोपी घालून व्यासपीठावरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, कुणी उठ म्हटलं तर उठायला बरं म्हणून.

दहा वाजले आणि दारातून आचार्य आले. कोट नव्हता, साधा पांढरा सदरा. आणि ते शेडभर बसलेले डॉक्टर, कारखानदार, निवृत्त अधिकारी, सगळे एकदम उभे राहिले. ठरवून नाही, गुडघ्यांनी आपलं आपणच केलं ते. चौगुल्यांनी हातातला मोबाइल खिशात टाकला. आचार्यांनी सगळ्यांना हाताने खाली बसवलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर, आमच्यापुढेच, बसले.

सगळे बसले, पण मल्लूमामा बसेनात. ते व्यासपीठावरून खाली उतरले.

"आवो मामा, वर बसा," चौगुले म्हणाले.

"आचार्य खाली आन् मी वर? ते मला जमायचं न्हाई."

"सत्कार तुमचा हाय."

"आसू दे की. खाली करा. मी हितं बरा हाय."

कुणी काही केल्या म्हातारा ऐकेना. शेवटी चौगुल्यांनी शाल खालीच पांघरली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या, पण सगळं कसं अवघडल्यासारखं झालं. पुढच्यांना दिसलं नाही, मागच्यांना कळलं नाही. तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या डॉक्टरांनी घाईघाईने जाहीर केलं, की आता सत्काराला उत्तर मल्लाप्पा तोडकर देतील.

"उत्तर?" मामांनी विचारलं. "मला कुणी काय इचारलंय?"

सगळी शेड हसली. मामा नाही हसले. त्यांच्यापुढे माइक धरला होता आणि ते एकदा माइककडे, एकदा नारळाकडे बघत होते. "मला बोलाय येत न्हाई रं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. "वाढ म्हणला तर वाढतो." हसू विरून गेलं.

आमच्यापुढचा बाक हलला. आचार्य उभे राहिले होते.

"परवानगी असेल तर मल्लाप्पांच्या वतीनं मी बोलतो," ते म्हणाले. "माझ्याकडे तयार आहे."

ते सावकाश पुढे गेले. मामांचा हात धरून त्यांना व्यासपीठावर चढवलं, खुर्चीपाशी नेलं आणि म्हणाले, "मल्लाप्पा, तुम्ही बसा. मी उभा आहे."

चौगुले माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मामाला तुम्ही म्हणाले. जन्मात कधी म्हणाले न्हाईत."

मल्लूमामा बसले. आचार्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. दोनदा घडी घातलेला तो कागद मी ओळखला. मला वाटलं, मागच्या बाजूला नवं काही लिहून आणलं असेल.

"मुलांनो," त्यांनी सुरुवात केली. "तुमचे केस पिकले तरी मी मुलांनोच म्हणणार. मी तुम्हाला मोठं असं काही दिलं नाही. जे दिलं ते रोज दिलं आणि वेळेवर दिलं."

मामांनी मान डोलावली.

"तुम्हाला ते आवडायचं नाही हे मला ठाऊक होतं. तुमची तोंडं मला दिसायची."

शेड खदखदून हसली. मधल्या बाकावरून कुणीतरी "दोडका" म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. आचार्य थांबले, हसू ओसरू दिलं, आणि पुढे वाचलं.

"तुम्हाला आवडेल ते देणं माझ्या हातात नव्हतं. तुमच्या अंगी लागेल ते देणं होतं. तुमच्यातल्या पुष्कळांची नावं मी विसरलो. पण कोण काय अर्धवट टाकून उठायचा, ते मला अजून आठवतं."

आता कुणी हसत नव्हतं. मी शब्दन् शब्द ताडून बघत होते. एकही शब्द बदललेला नव्हता. त्यांच्या घरी ऐकताना मी त्यातला फळा बघितला होता, पुस्तकं बघितली होती. आता तेच शब्द चुलीचे झाले होते आणि तेव्हापेक्षा बरोबर बसत होते.

"सुट्टी लागली की तुम्ही उड्या मारत घरी जायचा. इथं मागे काय उरायचं ते तुम्ही कधी पाहिलं नाही. मला करमायचं नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही लाडावाल अशी भीती होती." त्यांनी कागद जरा लांब धरला. "मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात. तुम्ही बोलावलंत. मला पोचलं. सुखी राहा."

चौगुल्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उघड उघड डोळे पुसले. सगळी शेड मल्लूमामांकडे बघून टाळ्या वाजवत होती. शाल पांघरलेले मामा हात जोडून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आचार्य एका बाजूला सरकून उभे राहिले, मामा सगळ्यांना दिसावेत म्हणून. शिरगुप्पे सर मला म्हणाले, "किती नेमकं लिहिलंय त्यांनी मामांसाठी." मी टाळ्या वाजवत राहिले.

टाळ्या थांबल्यावर मामांनी आपण होऊन माइक मागितला. "आचार्यांनी माझ्या मनातलं वळखलं," ते म्हणाले. "कसं वळखलं, कुणास ठावं."

मग पंगत बसली. वाढायला माजी विद्यार्थी होते आणि त्यांना वाढता येत नव्हतं, आमटी ताटात कमी आणि जमिनीवर जास्त पडत होती. मामांना आणि आचार्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं. चौगुले स्वतः वांग्याची भाजी घेऊन आचार्यांपुढे वाकले तेव्हा मामांनी त्यांचा हात अडवला. "त्यास्नी वांगं नगं घालू. टाकून उठत्यात."

आचार्यांनी मामांकडे पाहिलं. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

निघताना मी त्यांना नमस्कार करायला गेले. सुलभाताई रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या होत्या. नमस्कार झाल्यावरही मी तिथून हलले नाही.

"आता बरोबर दिसतंय ना तुमच्या पानावर?" त्यांनी विचारलं.

"हो, आचार्य. आता कधी चुकणार नाही."

"छान." ते वाकून पायात वहाणा सरकवत होते. "तरी सांगतो तुला. तो नातवाचा फोन आला तिथपासून तू घरी आलीस तिथपर्यंत, ते मधले दिवस माझे फार चांगले गेले. तुझ्या साहेबांना माझे आभार सांग."

रिक्षा आली आणि ते गेले. मी शिरगुप्पे सरांना आभार सांगितले, आणि मग, बसस्टॉपपर्यंत चालता चालता, ते भाषण मी आधी कुठे ऐकलं होतं तेही सांगितलं. सर मध्येच थांबले. मिरज-सांगली बस आली, उभी राहिली आणि निघून गेली, तरी ते तिथेच होते.